न्यूपोर्टची हिरवळ : एका टेनिस स्पर्धेचा अभ्यास

(बी. ए. भाग २)

टेनिस म्हटले की आपल्याकडे एकच नाव निघते, ते म्हणजे विम्बल्डन. जून संपता संपता वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर ते झळकू लागते आणि जुलैच्या मध्यावर अंतिम सामन्याचे छायाचित्र छापून आले की वर्षभराचे टेनिस संपले असे आपल्याला वाटते. परंतु विम्बल्डनचा निकाल लागल्यावर लगेच अमेरिकेतील न्यूपोर्ट या लहानशा शहरात गवताच्याच मैदानावर पुरुषांची आणखी एक व्यावसायिक स्पर्धा भरत असे. १९७६ पासून २०२४ पर्यंत, २०२० हे साथीचे वर्ष सोडले तर, ती दरवर्षी झाली. या स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद भारतीय खेळाडूंनी चार वेळा मिळविले आणि आणखी दोन वेळा भारताचा खेळाडू तेथे उपविजेता ठरला. तरीही आपल्यापैकी फार थोड्यांनी या स्पर्धेचे नाव ऐकलेले असेल.

प्रस्तुत लेखात या स्पर्धेची ओळख करून द्यावी, असा माझा हेतू आहे. पण केवळ माहिती द्यावी एवढ्यासाठी हा विषय मी घेतलेला नाही. न्यूपोर्टविषयी वाचत असताना दोन प्रश्न माझ्या मनात सारखे येत होते. पहिला प्रश्न असा की, गवतासारखी साधी वस्तू एका ठिकाणी निरुपयोगी आणि दुसऱ्या ठिकाणी मोलाची का होते? आणि दुसरा असा की, मोठ्या स्पर्धेच्या सावलीत भरणाऱ्या लहान स्पर्धेचे महत्त्व किती मानावे? हे दोन्ही प्रश्न टेनिसचे आहेत तसेच आपलेही आहेत, असे मला वाटते. वाचकांनी शेवटपर्यंत सोबत यावे, ही विनंती.

खेळ आणि जमीन

टेनिसचे मैदान, म्हणजे कोर्ट, २३.७७ मीटर लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी ८.२३ मीटर व दुहेरीसाठी १०.९७ मीटर धरतात. दुहेरीच्या कोर्टाचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे २६१ चौरस मीटर भरते. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर अडीच आरांहून थोडे जास्त. मध्ये जाळी असते आणि तिची मधोमध उंची ०.९१४ मीटर म्हणजे तीन फूट असते. एवढ्या जागेत दोन माणसे तासन् तास झुंजतात.

बहुतेक खेळांत मैदान हे नुसते मैदान असते. टेनिसमध्ये मात्र जमीन ही जणू तिसरी खेळाडू असते. मातीचे कोर्ट, सिमेंटासारखे कठीण कोर्ट आणि गवताचे कोर्ट असे तीन मुख्य प्रकार आहेत. चेंडू जमिनीवर आपटतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. जमिनीशी घर्षण होऊन त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि जमीन जितकी कठीण असेल त्या मानाने तो वर उसळतो. मातीच्या कोर्टावर घर्षण जास्त असल्याने चेंडू अडतो, उंच उठतो आणि समोरच्याला धावत जाऊन तो परतविण्यास वेळ मिळतो. गवत गुळगुळीत असते, त्यामुळे चेंडू घसरून पुढे जातो. शिवाय गवताखालची जमीन काहीशी मऊ असल्याने तो खालूनच निघतो. म्हणून गवतावर जोरकस सर्व्हिस करणारा, जाळीजवळ धाव घेऊन चेंडू हवेतच टोलविणारा आणि हात हलका ठेवून चेंडू कापणारा खेळाडू यशस्वी होतो. केवळ दमाने खेळणाऱ्याचे येथे फारसे चालत नाही.

एके काळी जगातील चार प्रमुख स्पर्धांपैकी तीन गवतावर होत असत. अमेरिकन स्पर्धा १९७४ पर्यंत गवतावर झाली. ऑस्ट्रेलियन स्पर्धेने १९८८ मध्ये गवत सोडून कठीण कोर्ट स्वीकारले. आज या चौघींत फक्त विम्बल्डन गवतावर उरली आहे. फ्रेंच स्पर्धा मातीवर होते. गवत मागे पडण्याचे मुख्य कारण खर्च व निगा हे आहे. सिमेंटचे कोर्ट वर्षभर चालते, पाऊस थांबला की पुसून वापरता येते. गवताला मात्र विश्रांती द्यावी लागते.

हरळी : एक गवत, तीन भाव

गवताचे कोर्ट कसे ठेवतात हे वाचताना मला फार नवल वाटले. विम्बल्डनच्या कोर्टांवर २००१ पासून केवळ राय नावाच्या गवताची पेरणी होते. त्यापूर्वी त्यात ३० टक्के दुसऱ्या जातीचे गवत मिसळलेले असे. स्पर्धेच्या काळात हे गवत रोज कापून नेमके ८ मिलिमीटर उंच ठेवले जाते. खाली चिकणमातीचा अंश असलेली जमीन लागते, कारण रोलर फिरविला की ती घट्ट बसते. स्पर्धा जसजशी पुढे सरकते तसतशी मागच्या रेषेजवळची हिरवळ खेळाडूंच्या बुटांनी उडून जाते व तेथे तपकिरी माती दिसू लागते. स्पर्धा संपताच पुन्हा पेरणी आणि पुन्हा राखण. म्हणजे दोन आठवड्यांच्या खेळासाठी वर्षभर माणसे राबत असतात.

राय हे थंड हवेचे गवत. उष्ण प्रदेशात मैदानांसाठी ज्या गवताच्या जाती वापरतात ते आपल्या अगदी ओळखीचे आहे. ती आपली हरळी होय. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजेही हरळीच. एकच वनस्पती पूजेच्या ताटात पवित्र, क्लबच्या मैदानावर मौल्यवान आणि आपल्या वावरात मात्र शत्रू.

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. या जमिनीत हरळी आणि कुंदा एकदा शिरले की निघता निघत नाहीत. वखराच्या पाशीला लागलेल्या हरळीचे तुकडे वावरभर पसरतात आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा मुळ्या फुटतात. माझी आई निंदणाला जाते. आषाढ-श्रावणात पऱ्हाटीच्या ओळीत उकिडवे बसून दिवसभर ती तण काढते. तणनाशके आल्यापासून हे काम कमी होत चालले आहे, पण अजून संपलेले नाही. या लेखासाठी मी टिपणे काढत होते तेव्हा विम्बल्डनच्या गवताची हकीकत तिला सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमाले त गवत उपटाचे पैसे भेटतेत, अन् थ्या लोकायले वाढवाचे?"

आईच्या या प्रश्नात मला अर्थशास्त्राचा धडा सापडला. वस्तूचे मोल वस्तूत नसते. ती कोणत्या जागी आहे आणि त्या जागेवर कोणाचा ताबा आहे, यावर ते ठरते. ज्याच्याजवळ अडीच आर जमीन पिकाविना हिरवी ठेवण्याची ऐपत आहे, त्याच्यासाठी हरळी ही शोभा आहे. ज्याला तेवढ्याच जमिनीतून सरकीचे पैसे काढायचे आहेत, त्याच्यासाठी ती संकट आहे. गवतावरचे टेनिस श्रीमंतांच्या बागेत का जन्मले, याचे उत्तर येथेच मिळते. मात्र दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. वाकून काम करणारा माणूस हिरवळीवर असतो आणि वावरातही असतो. छायाचित्रात तो सहसा येत नाही.

न्यूपोर्टचा इतिहास

न्यूपोर्ट हे अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यातील समुद्रकाठचे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील धनिक उन्हाळ्यात तेथे हवा पालटायला येत. 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी १८८० मध्ये तेथे 'न्यूपोर्ट कसिनो' उभारला. कसिनो या शब्दावरून आज जुगाराचा अड्डा डोळ्यांपुढे येतो, परंतु त्या काळी मनोरंजनासाठी व भेटीगाठींसाठी बांधलेल्या सभागृहालाही हा शब्द वापरीत. लाकडी कोरीव कामाच्या सज्जांनी वेढलेली हिरवळ, असे त्याचे स्वरूप आहे आणि ते आजही जतन केलेले आहे.

१८८१ मध्ये अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा याच हिरवळीवर झाली. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची, म्हणजे न्यूपोर्ट तिच्यापेक्षा फक्त चार वर्षांनी धाकटे. रिचर्ड सिअर्स हा पहिला विजेता ठरला आणि त्याने सलग सात वर्षे, १८८७ पर्यंत, ते पद राखले. १९१४ पर्यंत ही राष्ट्रीय स्पर्धा न्यूपोर्टलाच होत असे. १९१५ मध्ये ती न्यूयॉर्कजवळील फॉरेस्ट हिल्स येथे गेली. प्रेक्षक वाढले होते आणि लहान शहराची हिरवळ अपुरी पडू लागली होती. आजची अमेरिकन ओपन म्हणजे याच स्पर्धेचे वाढलेले रूप होय.

मोठी स्पर्धा निघून गेल्यावर न्यूपोर्टचे काय झाले असेल? आपल्याकडे तालुक्याचे ठाणे हलले की मागच्या गावाला जी कळा येते, ती तेथे आली असती. ती आली नाही, याचे बरेचसे श्रेय जिमी व्हॅन ॲलन या गृहस्थांना जाते. त्यांनी १९५४ मध्ये कसिनोच्या वास्तूत टेनिसचे 'हॉल ऑफ फेम', म्हणजे थोर खेळाडूंचे स्मृतिमंदिर व संग्रहालय स्थापन केले. टेनिसमध्ये सेट ६-६ असा बरोबरीत आला म्हणजे जो 'टायब्रेक' खेळतात, त्याची मूळ कल्पनाही व्हॅन ॲलन यांचीच. त्यापूर्वी दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट लांबतच राही. १९७० मध्ये अमेरिकन ओपनने टायब्रेक स्वीकारला आणि हळूहळू तो जगभर रूढ झाला.

पुढे १९७६ मध्ये येथे पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. विम्बल्डननंतर लगेच येणारी ही स्पर्धा त्या वर्षाच्या गवती हंगामाची अखेर असे. बहुतेक मोठे खेळाडू तोपर्यंत विश्रांतीला गेलेले असत किंवा मातीच्या अथवा कठीण कोर्टांच्या तयारीला लागलेले असत. म्हणून न्यूपोर्टला येणारे खेळाडू मधल्या फळीतले असत. या स्पर्धेचे एक वैशिष्ट्य मोठे गमतीचे आहे. पहिले मानांकन मिळालेला खेळाडू येथे कधी जिंकतच नसे. १९७६ पासून तब्बल पस्तीस स्पर्धा अशा गेल्या. अखेर २०११ मध्ये अमेरिकेच्या जॉन इस्नरने अग्रमानांकित असताना विजय मिळवून ही परंपरा मोडली.

न्यूपोर्टचे भारतीय

१९७६ च्या पहिल्याच व्यावसायिक स्पर्धेचा विजेता भारतीय होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हरकत नाही. त्याचे नाव विजय अमृतराज. मद्रासचा हा उंच मुलगा बालपणी फार आजारी असे. त्याची आई खोकी तयार करण्याचा उद्योग सांभाळी आणि मुलांना मैदानावरही घेऊन जाई. १९७३ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, विजय विम्बल्डन व अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. न्यूपोर्टला त्याने १९७६ मध्ये ब्रायन टीचरला, १९८० मध्ये अँड्र्यू पॅटिसनला आणि १९८४ मध्ये टिम मेयॉटला अंतिम सामन्यात हरविले. १९८४ चा सामना त्याने पहिला सेट ३-६ असा गमावल्यावर ६-४, ६-४ असा फिरविला. तेव्हा त्याचे वय तीस होते.

यानंतर चौदा वर्षांनी, जुलै १९९८ मध्ये, लिअँडर पेसने ही स्पर्धा जिंकली. पेसचे कुटुंब मूळ गोव्याचे. वडील डॉ. वेस पेस हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते, तर आई जेनिफर भारताकडून बास्केटबॉल खेळलेल्या. लिअँडर वाढला कलकत्त्यात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीचे कांस्यपदक मिळविले. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत जे वैयक्तिक पदक आणले, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी भारताला मिळालेले ते दुसरे वैयक्तिक पदक होते. न्यूपोर्टच्या अंतिम सामन्यात पेसने दक्षिण आफ्रिकेच्या नेव्हिल गॉडविनचा ६-३, ६-२ असा पराभव केला. पेसने दुहेरी व मिश्र दुहेरीची मिळून अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली, परंतु या पातळीवरचे एकेरीचे विजेतेपद त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत एकच आहे आणि ते न्यूपोर्टचे आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू हेवन येथे त्याने पीट सॅम्प्रस या त्या काळच्या बलाढ्य खेळाडूला ६-३, ६-४ असे नमविले आणि जागतिक क्रमवारीत ७३ वे स्थान गाठले. एकेरीतील त्याचे हे सर्वोच्च स्थान. न्यूपोर्टच्या विजयामुळेच पुढचे सर्व घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण एका आठवड्यात ओळीने पाच सामने जिंकण्याचा अनुभव महिन्याभरापूर्वीच गाठीशी होता, हे विसरता येत नाही.

२००८ मध्ये विजय अमृतराजचा मुलगा प्रकाश भारतातर्फे खेळताना येथील अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. फ्रान्सच्या फाब्रिस सांतोरोने त्याला ६-३, ७-५ असे हरविले. वडिलांच्या पहिल्या विजयानंतर बत्तीस वर्षांनी मुलगा त्याच हिरवळीवर उभा होता. २०१८ मध्ये चेन्नईच्या रामकुमार रामनाथनने अंतिम फेरी गाठली व स्टीव्ह जॉन्सनशी तीन सेटपर्यंत झुंज देऊन तो हरला. आणि २० जुलै २०२४ रोजी विजय अमृतराज व लिअँडर पेस या दोघांचा न्यूपोर्टच्या त्याच हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हा सन्मान मिळविणारे ते आशियातील पहिले पुरुष खेळाडू होत.

भारतीयांना गवत एवढे का मानवले, असाही प्रश्न येतो. इंग्रजांनी आपल्याकडे जे क्लब काढले त्यांच्या हिरवळी मागे राहिल्या. १९२० मध्ये स्थापन झालेला कलकत्त्याचा साउथ क्लब त्यांत अग्रगण्य. १९६६ मध्ये तेथेच रामनाथन कृष्णनने ब्राझीलच्या टोमाझ कॉखला पिछाडीवरून हरवून भारताला डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीत नेले. १९९५ मध्ये दिल्लीच्या गवतावर पेसने पहिले दोन सेट गमावल्यानंतर क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचला चकित केले. अलीकडे, मार्च २०२२ मध्ये, दिल्ली जिमखान्याच्या हिरवळीवर भारताने डेन्मार्कला ४-० असे नमविले. मात्र गवत म्हणजे हमखास विजय असेही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कलकत्त्याच्या गवतावरच इटलीने आपल्याला ३-१ असे हरविले होते.

लहान स्पर्धेचे मोल

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. न्यूपोर्टविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मोठे खेळाडू जेथे येतच नाहीत, तेथे जिंकण्यात काय मोठेपणा? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. व्यावसायिक टेनिसमध्ये स्पर्धांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. विम्बल्डनच्या विजेत्याला क्रमवारीचे २००० गुण मिळतात, तर न्यूपोर्ट ज्या श्रेणीत होते तिच्या विजेत्याला २५०. म्हणजे न्यूपोर्ट आठ वेळा जिंकावे तेव्हा एक विम्बल्डन होते. हा हिशेब मान्यच करावा लागेल.

पण दुसरी बाजूही पाहावी. बाद पद्धतीच्या स्पर्धेत ३२ खेळाडू असले तर पहिल्याच फेरीत १६ जण घरी जातात. विम्बल्डनला १२८ खेळाडू असतात, म्हणजे ६४ जण एकच सामना खेळून परततात. त्यांच्यापैकी अनेकांनी गवतासाठी महिनोन् महिने तयारी केलेली असते. ती तयारी एका दुपारी वाया गेली, असे त्यांना वाटत असणार. अशा खेळाडूंसाठी न्यूपोर्ट ही दुसरी संधी होती. तीच जमीन, तोच चेंडू, फक्त नाव लहान.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २००९ चे आहे. राजीव राम हा अमेरिकेचा खेळाडू, आईवडील बंगळूरचे. न्यूपोर्टच्या पात्रता फेरीतच तो हरला होता. टेनिसमध्ये अशी सोय आहे की, मुख्य स्पर्धेतून ऐनवेळी कोणी माघार घेतली तर पात्रता फेरीत हरलेल्यांपैकी एकाला आत घेतात. मार्डी फिशने माघार घेतली आणि रामला जागा मिळाली. हरलेला हा खेळाडू आत आला आणि सॅम क्वेरीला हरवून स्पर्धाच जिंकून गेला! २०१५ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. आपल्या भाषेत सांगायचे तर राम हा प्रतीक्षायादीतून आला होता. आपल्या वर्गात पहिल्या यादीतून आलेले किती आणि प्रतीक्षायादीतून आलेले किती, हे आज कोणी विचारीत नाही, विचारण्याचे कारणही नाही. बाकावर बसल्यावर दोघांनाही तोच धडा असतो. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, अशा माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल.

गुणवत्ता ही पहिल्याच दिवशी, पहिल्याच यादीत दिसून येते, असे मानणे सोपे असते. तसे नेहमी होत नाही. एखाद्याला पहिला सामना बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी पडतो, एखाद्याला प्रवासाने थकवा आलेला असतो, एखाद्याला तशा मैदानाची सवयच नसते. लहान स्पर्धा हा शिडीचा मधला दांडा आहे. तो काढून टाकला तर वरचे वर राहतात आणि खालच्यांना एकदम उंच उडी मारावी लागते.

असे दांडे निखळतही असतात. २०२४ ची स्पर्धा मार्कोस गिरॉनने जिंकली आणि त्या श्रेणीतील न्यूपोर्टची ती अखेरची स्पर्धा ठरली. २०२५ पासून तेथे खालच्या, चॅलेंजर श्रेणीची स्पर्धा होऊ लागली. पुरुष विजेत्याला तीत १२५ गुण मिळतात. मात्र तिच्याच जोडीला आता महिलांचीही तेवढ्याच दर्जाची स्पर्धा ठेवलेली आहे, ही त्यातली समाधानाची बाब. आपल्या महाराष्ट्रालाही असाच अनुभव आला. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात बालेवाडीच्या कठीण कोर्टांवर न्यूपोर्टच्याच श्रेणीची 'महाराष्ट्र ओपन' होत असे. दक्षिण आशियात त्या श्रेणीची दुसरी स्पर्धा नव्हती. २०२४ मध्ये तिची जागा हाँगकाँगने घेतली.

आपण काय घ्यावे?

आपल्या तालुक्यात हिरवळीचे टेनिस कोर्ट व्हावे, अशी मागणी मी करणार नाही. जेथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे टँकर लागतात, तेथे गवताला पाणी मागणे शोभणार नाही. आपला खेळ कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि धावण्याचा. त्याला लागणारी जमीन आपल्याजवळ आहे.

पण न्यूपोर्टपासून एक गोष्ट आपण विनाखर्च घेऊ शकतो. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. मुलींचा कबड्डीचा संघ पहाटेची एस. टी. धरून दीडदोन तास प्रवास करतो, दोन डाव मिळून तीस मिनिटे खेळतो, हरतो आणि दुपारच्या गाडीने परत येतो. पुढच्या वर्षी त्यातल्या दोघीतिघींची लग्ने झालेली असतात. त्यांच्या आयुष्यातली स्पर्धा तीस मिनिटांची. १६ संघ असतील तर एकंदर १५ सामने होतात आणि ८ संघ एका सामन्यानंतर बाहेर पडतात. या आठ संघांचा वेगळा गट करून त्यांची आपापसांत स्पर्धा घ्यावयाची म्हटले तर फक्त ७ सामने वाढतात. दोन मैदाने असली तर मुलींचे हे सात सामने एका दिवसात आटोपू शकतात. करंडक नसला तरी चालेल. पण प्रत्येक संघाला निदान दोन सामने मिळतील, आणि पहिल्या पराभवातून काय शिकलो हे त्याच दिवशी आजमावता येईल.

हीच पद्धत वक्तृत्व व वादविवाद स्पर्धांनाही लावता येईल. व्यासपीठावर पहिल्यांदाच उभी राहणारी मुलगी पहिल्या फेरीत अडखळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे करावे.

यंदाच्या स्नेहसंमेलनात निदान कबड्डीच्या वर्गवार सामन्यांना तरी हा प्रयोग करून पाहावा, असे मी आपल्या क्रीडा विभागाला व विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना सुचविते. लागणारे सात सामन्यांचे वेळापत्रक तयार करण्याचे काम आमचा वर्ग आनंदाने करील.